झिजलेली नळी आणि बिघडलेली नळी

बंदुकीची नळी दोन तऱ्हांनी निकामी होते. एका तऱ्हेत तिचा नेम जातो, दुसरीत तिची ताकद जाते. पहिलीत नुकसान होतं ते गुणांचं. दुसरीत चालवणाऱ्याच्या बोटांचं, डोळ्यांचं, प्रसंगी जिवाचं. दोन्हींची कारणं वेगळी, खुणा वेगळ्या आणि तपासायची रीतही वेगळी. तरी नळी बदलायची वेळ आली की नाही हे बहुतेक ठिकाणी एकाच मापाने ठरवलं जातं: किती वर्षं झाली, किंवा किती बार झाले. हे माप दोन्हीकडे चुकतं आणि उलट्या दिशांनी चुकतं. रेंजवरचा नेमबाज त्या मापाच्या भरवशावर चांगली नळी टाकून देतो, आणि डोंगराखालचा शेतकरी त्याच मापाच्या भरवशावर टाकाऊ नळी खांद्याला लावतो. यातली दुसरी चूक फार महाग पडते आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं.

चिपळूण तालुक्यातलं पोफळी हे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचं गाव. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे खाली येतं आणि भूमिगत वीजगृहातल्या टर्बाइनांवर पडतं. पोफळीची बाहेरच्या जगाला ओळख आहे ती त्यामुळे. पण घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य आहे, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि त्या रानाच्या खालच्या अंगाला भातखाचरं, नाचणीची वरकस जमीन, काजू आणि आंब्याची कलमं आहेत. भाताचा दाणा भरला की रानडुकरं उतरतात, माकडं आणि वानर तर बारमाही. अशा पट्ट्यांतल्या शेतकऱ्यांसाठी कोकणात शेतसंरक्षणाच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. या बंदुका म्हणजे ठासणीची एकनळी, नाहीतर १२ बोअरची काडतुसाची एकनळी किंवा दुनळी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जनावर मारणं परवानगीशिवाय गुन्हा आहे, त्यामुळे अशा बंदुकीचं मुख्य काम आवाजाचं: बार काढायचा आणि कळप पिटाळायचा. वर्षाकाठी मोजके बार. बारांच्या हिशेबाने पाहिलं तर यातल्या कित्येक नळ्या अजून नव्या ठरतील, आणि तिथेच तो हिशेब फसवा असल्याचं दिसतं.

आधी रायफलची नळी घेऊ, कारण झिजेचं शास्त्र तिच्यावरच घडलं आहे. गोळी नळीतून घासत जाते म्हणून नळी झिजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही, पण मुख्य कारण ते नव्हे. तांब्याच्या मिश्रधातूचं कवच असलेली गोळी पोलादापेक्षा कितीतरी मऊ असते. नळी खाल्ली जाते ती तप्त वायूंनी. धूरविरहित दारू जळताना तापमान २५०० अंश सेल्सिअसच्या आगेमागे जातं. पोलाद १५०० अंशांच्या सुमारास वितळतं. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलीत दाब हवेच्या दाबाच्या चार हजार पटींपर्यंत चढतो. इतक्या दाबाचा वायू नळीच्या आतल्या पृष्ठभागाची पातळशी त्वचा क्षणभर भयंकर तापवतो, लगेच ती थंड होते, पुन्हा तापते. या ताणाने पृष्ठभागावर भेगांचं बारीक जाळं पडतं, आणि पुढच्या बाराला भेगांच्या कडा वायूबरोबर उडून जातात. हे सगळं सर्वांत जोरात घडतं ते काडतुसाच्या घरापुढच्या पहिल्या काही सेंटिमीटरांत, जिथे गोळी पहिल्यांदा पीळदार खाचांमध्ये शिरते. या भागाला नळीचा घसा म्हणता येईल. नळीचं तोंड आरशासारखं लखलखीत असतं आणि घसा मात्र खरवडून निघालेला असतो, असं सर्रास होतं. म्हणून तोंडाकडून डोकावून ‘नळी छान आहे’ म्हणणाऱ्या जाणकारावर विश्वास टाकू नये.

गोळी नळीत असते तो वेळ दीड हजारांश सेकंदाहूनही कमी. अशा रायफलीची नळी उत्तम नेमबाजीसाठी साधारण ५००० बार टिकते असं धरलं, तर तिचं सगळं कामकाजी आयुष्य सहा-सात सेकंदांचं भरतं. एवढ्या सेकंदांत तिला काय सोसावं लागतं ते या आकड्यावरून लक्षात यावं.

उष्णताच मुख्य गुन्हेगार आहे याचा सर्वांत चोख पुरावा सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश लष्कराने स्वतःच्या खर्चाने मिळवला. १८८८ साली त्यांनी ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या खाचा उथळ आणि गोलसर कडांच्या होत्या, कारण काळ्या दारूची काजळी अशा खाचांत साचत नाही. मग कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. तिच्या पहिल्या प्रकारात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. गोळी तीच, नळी तीच, फक्त दारू अधिक तापणारी. आणि त्या उथळ खाचा पाहता पाहता पुसल्या जाऊ लागल्या. उपाय म्हणून १८९५ पासून खोल आणि चौकोनी कडांच्या पाच खाचांची एनफिल्ड पद्धत आली, आणि त्यातून पुढे आपल्या पोलिस ठाण्यांतून अनेक दशकं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीचं घराणं सुरू झालं. बोअर युद्धानंतर दारूही बदलली. नव्या कॉर्डाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, ते नळी वाचवण्यासाठीच. घर्षण हे मूळ कारण असतं तर दारूतलं प्रमाण बदलून काही साधलं नसतं.

उष्णता मुख्य कारण ठरलं की बारांची नुसती संख्या किती तोकडी आहे ते आपोआप कळतं. दारू किती आणि ती किती रुंद नळीतून जाते, यावर सगळं अवलंबून आहे. अरुंद नळी आणि मागे भरपूर दारू असा जोड असेल तर दीड-दोन हजार बारांतच घसा जातो. उलट .२२ रायफलीत चिमूटभर दारू, वंगण लावलेली शिशाची गोळी आणि दाब कितीतरी कमी; तिथे पन्नास हजार बारांनंतरही चांगली चालणारी नळी हे नवल नाही. शिवाय एकच रायफल, एकच काडतूस, पण एकाने वीस बार सावकाश काढले आणि दुसऱ्याने तेच वीस दोन मिनिटांत, तर दुसऱ्याची नळी जास्त खाल्ली जाते, कारण आधीच तापलेल्या पोलादावर तो पुन्हा आग ओततो. स्वयंचलित शस्त्रांच्या नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा देतात तो याच कारणाने. स्पर्धेच्या रायफलींना तो देत नाहीत, कारण मुलाम्याची जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी राखणं अवघड, आणि नेमाला तेवढाही फरक चालत नाही.

किती फरक चालत नाही? ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर, थ्री पोझिशन्स प्रकारात, ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली होती. या पातळीवर नळीने गोळी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे टाकली तरी पदक जाऊ शकतं. त्यामुळे नेमबाजांच्या मनात नळीविषयी धास्ती असते, आणि धास्ती असली की आकड्याचा आधार बरा वाटतो: अमुक इतके बार झाले, आता नवीन नळी. मला हा आधार कच्चा वाटतो. गोळ्यांचा समूह फाकू लागला तर त्याची कारणं नळीच्या आधी इतरत्र शोधायची असतात. दस्त्याचे स्क्रू ढिले झाले असतील, दर्शकाची बैठक हलली असेल, .२२ मध्ये काडतुसाच्या घरापुढे काजळीचं कडं बसलं असेल, किंवा काडतुसांचा लॉट बदलला असेल. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीतून वेगळे वागतात, म्हणून तर अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून लॉट निवडतात. तीच सोय नळीच्या परीक्षेलाही वापरता येते: शिकंज्यात घट्ट पकडायची, पूर्वी उत्तम गेलेल्या लॉटचे दहा-दहा बारांचे पाच समूह काढायचे, आणि ते त्याच नळीच्या जुन्या कागदांशी ताडून बघायचे. तीन बारांचा एक समूह काहीच सांगत नाही. तो योगायोगानेही सुंदर येतो आणि योगायोगानेच बिघडतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या संस्थेकडे शेकडो शस्त्रं आहेत तिने प्रत्येक नळी शिकंज्यात धरून तपासावी कशी? मोजणी सोपी असते, नोंदवहीत बसते. पण मोजणीवर चालणारं सर्वांत मोठं खातं म्हणजे तोफखाना, आणि तिथेही नुसते बार मोजत नाहीत. तोफेच्या प्रत्येक बाराला भरलेल्या दारूच्या मात्रेनुसार वजन देतात, कमी मात्रेचे अनेक बार मिळून पूर्ण मात्रेचा एक धरतात, आणि तेवढ्यावर न थांबता नळीत ठरलेल्या ठिकाणी मापक घालून झीज प्रत्यक्ष मोजतात. म्हणजे मोजणी सांगते कधी तपासायचं. बदलायचं की नाही हे मापक सांगतो. पोफळीच्या वीजगृहात काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. चारशे मीटरहून अधिक उंचीवरून आलेला पाण्याचा झोत पेल्टन चाकाच्या वाडग्यांना खातो, म्हणून ठरावीक काळाने यंत्र थांबवून वाडग्यांची झीज आणि भेगा पाहायच्या असतात. कॅलेंडर त्या पाहणीची आठवण करून देतं, निकाल वाडगे देतात. रायफलच्या घशासाठीही मापक असतात, आणि मोबाइलला जोडायचा नळीदर्शक कॅमेराही आता मिळतो. मात्र कॅमेऱ्याच्या बाबतीत सावध राहायला हवं. तो भेगांचं जाळं इतकं मोठं करून दाखवतो की चांगला नेम देणारी नळीही भंगारातली वाटावी. दिसलं म्हणजे मोजलं, असं होत नाही.

इथवरची सारी झीज नेमाची आहे. घसा खाल्ला गेलेली रायफल गोळी भलतीकडे टाकेल, पण त्या कारणाने सहसा फुटणार नाही. आता पोफळीच्या बंदुकीकडे यायचं. तिच्या नळीत पीळ नाहीत, दाब रायफलीच्या पाचवा हिस्सा, बार वर्षाला थोडे. घसा झिजण्याचा प्रश्नच नाही. तिला खातो तो गंज, आणि तिची झीज बार काढताना होत नसून बंदूक कोपऱ्यात उभी असताना होते. जून ते सप्टेंबर घाटाखालची हवा ओली असते. भिंत, कपाट, कापडी पिशवी, सगळंच ओलं. त्यात नळीत आधीच्या बाराची राख असेल तर ती स्वतःहून दमट हवा ओढून घेते. काळ्या दारूच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. जुन्या पद्धतीच्या केपमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि ते जवळजवळ मिठासारखंच वागतं. तेलाने हे क्षार निघत नाहीत, कारण ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून थ्री नॉट थ्रीच्या जमान्यात शिपाई नळीत उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करत आणि मग तेल देत. आपल्याकडे बंदुकीला पाणी लावायचं म्हटलं की माणसं दचकतात. ठासणीच्या नळीला मात्र तेच औषध आहे, वर पूर्ण कोरडं करून तेलाचा हात हवाच. आणि भाताचा हंगाम येतो तो नेमका या चार महिन्यांनंतर. वर्षातला पहिला बार निघतो तो नळीची अवस्था सर्वांत वाईट असताना.

गंजाचा वरवरचा तांबूस थर ही फार काळजीची गोष्ट नाही. काळजी करायची ती खड्ड्यांची. १२ बोअरच्या नळीची भिंत काडतुसाच्या घराशी जाड असते, पण पुढे ती झपाट्याने पातळ होते. चांगल्या दुनळीत सर्वांत पातळ जागी ती जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. अशा जागी पाव मिलिमीटरचा खड्डा म्हणजे ताकदीचा मोठा वाटा गेला. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, उघडून, पांढऱ्या कागदावर किंवा उजेडावर रोखून दोन्ही टोकांकडून पाहिलं तर खड्डे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. आतल्या चकाकीत गोल सावलीचं कडं दिसलं तर ती फुगवटी. बाहेरून बोटं हळूहळू फिरवली तर फुगवटी हाताला लागते. फुगवटी म्हणजे पोलाद एकदा आपली मर्यादा ओलांडून ताणलं गेलं आहे. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. खड्ड्यांची खोली कसबी कारागिराकडून मोजून घेता येते, पण फुगलेल्या किंवा भेग पडलेल्या नळीला मोजमापाची गरज नाही. ती त्या दिवसापासून बंद.

फुगवटी येते कशी? बहुतेकदा अडथळ्याने. पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. बांधावरून उतरताना तोंड चिखलात जातं. साफ करताना अडकलेली चिंधी आतच राहते. छऱ्यांमागचा वायू अडथळ्याशी पोचला की दाब तिथेच चढतो, आणि ती जागा नेमकी पातळ भिंतीची असते. ठासणीच्या बंदुकीत याहून मोठा धोका भरून ठेवलेल्या बाराचा. मागून नळी बंद असल्याने आरपार पाहता येत नाही. मागचा बार आत आहे हे विसरून वर दुसरा ठासला जातो. याला जुना आणि खात्रीचा उपाय गजावरच्या खुणेचा आहे. रिकाम्या नळीत गज जिथवर जातो तिथे खूण करून ठेवायची. खूण तोंडाबाहेर उभी राहिली तर आत काहीतरी आहे. गंजाचं म्हणाल तर ठासणीच्या नळीचा सर्वांत वाईट भाग हाच बंद तळ असतो, आणि तोच कधी दिसत नाही.

‘आजोबांपासून हीच बंदूक आहे, कधी काही झालं नाही,’ हा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि तो टाळून चालणार नाही. त्यात एक सत्य आहे: जुन्या कारागिरांनी भरपूर जाड नळ्या केल्या, आणि ज्या मुळातच कच्च्या होत्या त्या कधीच्या फुटून गेल्या. पण जी टिकली ती अजून टिकेल, असं त्यातून निघत नाही. गंज दर पावसाळ्यात खातो, पोलाद परत भरून येत नाही. दुसरं म्हणजे आजोबांची नळी आणि नातवाचं काडतूस यांची जोडी तीच राहिलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. पट्ट्यांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो आणि बाहेरून दिसत नाही. धूरविरहित दारूच्या काडतुसांसाठी नळी पारखली आहे की नाही हे तिच्यावरच्या प्रूफच्या शिक्क्यावरून कळतं, आणि तो शिक्कासुद्धा नळी त्या दिवशी कशी होती एवढंच सांगतो. शंभर वर्षांपूर्वीच्या शिक्क्याने आजच्या खड्ड्यांची हमी मिळत नाही.

खर्चाचा आणि कायद्याचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोजले जातात, त्यामुळे नळी ही दुकानात जाऊन मागायची वस्तू नाही. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच करावी लागते. फुगलेलं तोंड गावातल्या लोहाराकडून चार बोटं कापून घेणं हा सोपा उपाय वाटतो. पण परवान्याविना नळी आखूड करणं हा कलम ६ खाली गुन्हा आहे, आणि नळीवरची ओळखखूण घासून पुसली जाणं कलम ८ खाली. स्पर्धेच्या रायफलीची नळी बदलण्याची सोय तिच्या बनावटीतच असते, खेळाडूमागे संघटना असते. ठासणीच्या बंदुकीला नवी नळी बसवणं मात्र बहुतेकदा बंदुकीच्या किमतीहून महाग. तेव्हा शेतकऱ्यासमोरचा खरा प्रश्न ‘नळी कधी बदलू’ असा नसून ‘ही बंदूक कधी थांबवू’ असा असतो, आणि तो प्रश्न ठरवायला त्याला मदत करणारं कोणी नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. मुदत वाढली ते सोयीचं झालं, पण नळीच्या अवस्थेची नोंद या नूतनीकरणात कुठेच येत नाही. पाहिले जातात ते कागद आणि क्रमांक.

एक जागा मात्र आहे जिथे हे काम जवळजवळ फुकटात होऊ शकतं. निवडणुका आल्या की कोकणातल्या परवानाधारक बंदुका पोलिस ठाण्यांत जमा होतात. सरसकट जमा करून घेण्याविरुद्ध शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे, कोणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने ठरवावं असं निवडणूक आयोगाचंही धोरण आहे. पण ज्या बंदुका जमा होतातच, त्या काही आठवडे एका छपराखाली असतात, आणि जिल्हा पोलिसांकडे शस्त्रांची देखभाल जाणणारे आर्मोरर असतात. पोलिसांनी दुसऱ्याच्या शस्त्राची जबाबदारी का घ्यावी, असं कोणी म्हणेल. जबाबदारी घ्यायला नकोच. पाहणी करून एक चिठ्ठी द्यायची आहे, पावतीला टाचून: आत खड्डे आहेत की नाहीत, फुगवटी किंवा भेग आहे का, प्रूफचा शिक्का कोणत्या दारूचा. ठासणीची असेल तर गज घालून ती रिकामी असल्याची खात्री. मालकानेही जमा करण्याआधी नळी धुऊन, वाळवून, तेल देऊन न्यावी आणि परत आल्यावर पहिला बार भरण्याआधी उजेडावर धरून पाहावी. निवडणूक नसेल त्या वर्षी हीच पाहणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, भात पिवळं पडायच्या आत, शिरगाव-पोफळी पट्ट्यातल्या बंदुका एका दिवशी एका ठिकाणी बोलावून करता येईल.